दहा मिनिटं लेट

9 नोव्हेंबर 1676, पॅरिसची वेधशाळा, संध्याकाळची वेळ. दुर्बीण गुरूवर लावलेली. गुरूचा एक चंद्र आहे, आयो, तो गुरूच्या सावलीतून बाहेर पडणार, गणिताप्रमाणे 5 वाजून 25 मिनिटं 45 सेकंदांनी. पण 32 वर्षांच्या एका डॅनिश पोरानं सप्टेंबरमध्येच सांगून ठेवलेलं, तो दहा मिनिटं लेट येणार. आणि आला की हो, 5 वाजून 35 मिनिटं 45 सेकंदांनी!

हा पोरगा म्हणजे ओले रोमर. डेन्मार्कमधल्या आर्हुसचा, व्यापाऱ्याचा मुलगा. सोळाव्या शतकातला डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे, त्याच्या जुन्या वेधशाळेची नेमकी जागा मोजायला पिकार्ड नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ 1671 मध्ये तिकडे गेला, रोमर त्याच्या हाताखाली काम करत होता, आणि पिकार्डनं जाताना त्याला पॅरिसलाच नेलं.

आता आयोच्या मागे एवढं का लागायचं? तर रेखांश काढायला. आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो, त्याचं ग्रहण कुठूनही बघा, क्षण तोच, म्हणजे आकाशात टांगलेलं फुकटचं घड्याळच; दोन गावांच्या स्थानिक वेळांतला फरक कळला की रेखांशांतला फरक कळतो. फक्त हे घड्याळ वर्षातले काही महिने पुढे पळायचं नि काही महिने मागे पडायचं.

रोमर म्हणाला, आयोचं काही चुकत नाहीये, आपण सरकतोय. पृथ्वी गुरूपासून लांब जात असते तेव्हा आयोच्या एका फेरीत ती जास्तीत जास्त 45 लाख किलोमीटर मागे गेलेली असते, पुढच्या ग्रहणाच्या प्रकाशाला तेवढं जादा अंतर कापावं लागतं, म्हणजे 15 सेकंद उशीर. एका फेरीत कोणाला पत्ता लागणार? पण चाळीसेक फेऱ्या साचल्या की हिशोब मिनिटांत जातो. म्हणजे प्रकाशालाही पोचायला वेळ लागतो! पृथ्वीच्या कक्षेच्या या टोकापासून त्या टोकाला 22 मिनिटं, असं त्यानं काढलं. खरी आहेत साधारण पावणेसतरा, पण तेव्हाची साधनं बघता मला तर हे भारीच वाटतं. कॅसिनीला मात्र पटलं नाही, तो वेधशाळेतला सगळ्यात वजनदार माणूस, आणि गंमत म्हणजे ही कल्पना आधी त्यानंच बोलून दाखवलेली नि मग मागे घेतलेली.

1681 मध्ये रोमर कोपनहेगनला परतला आणि मग काय काय केलं विचारू नका, वजनं-मापं सारखी केली, रस्त्यावर तेलाचे दिवे लावले, पोलीसप्रमुखही झाला. 1700 मध्ये नवं कॅलेंडर आणलं, तर 18 फेब्रुवारीनंतर लोकांना थेट 1 मार्च! थर्मामीटरही बनवला, तो बघायला 1708 मध्ये फॅरनहाइट आलेला, ज्याच्या नावानं तापमानाची मोजपट्टी आहे तोच.

1710 मध्ये तो गेला. त्याच्या रात्रीमागून रात्रीच्या नोंदी कोपनहेगनच्या गोल बुरुजात ठेवलेल्या, 1728 च्या आगीत त्या जळाल्या. उरल्या फक्त तीन रात्रींच्या, ऑक्टोबर 1706 मधल्या, त्याचा शिष्य होरेबो यानं जपलेल्या.