बसकरपट्टीवरून दिसलेला वर्ग

नमस्कार श्रोतेहो.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मधे एक भिंत. शिक्षण परिषदेत आदर्श पाठ पुष्कळ पाहिले, पण तिथं सगळं आधी बसवलेलं असतं. बाईंचा रोजचा, साधा तास मात्र बारा वर्षांत कधी पाहिला नव्हता. गेल्या पावसाळ्यात तो योग आला. माझ्या मुलांना गोष्टीची पुस्तकं दिली, दार उघडं ठेवलं आणि दुसरीच्या वर्गात गेलो.

खुर्ची ओढली, तर बाई म्हणाल्या, "सर, इथं मुलांतच बसा."

बसकरपट्टीवर बसलो. बाई म्हणाल्या, "त्रेपन्न लिहा." शेजारच्या मुलीनं पाटीवर ३५ लिहिलं. तिची चूक नव्हती हो! आपल्या मराठीत एकक आधी बोलतो, दशक नंतर. कानावर 'त्रे' आधी पडलं, हातानं तीन आधी लिहिला. २०१९ साली दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि राज्यभर वाद पेटला, त्याचं मूळ हेच. त्या वादात मीही हिरिरीनं बोललो होतो. पण ही अडचण एका पाटीवर, इतक्या जवळून, बाईंच्या वर्गात पहिल्यांदा पाहिली.

बाईंनी पाटी पुसली नाही. म्हणाल्या, "काड्यांनी दाखव बरं." मुलीनं दहाचे तीन गठ्ठे मांडले, पाच सुट्ट्या काड्या ठेवल्या. "मोज." "दहा, वीस, तीस... पस्तीस." ती थांबली. बाई गप्प. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, मी ते कसंबसं आवरलं. मुलीनं आणखी दोन गठ्ठे ओढले, दोन काड्या परत ठेवल्या आणि तळहातानं पाटी पुसली.

अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलंही बोलू लागतात. हे मी वाचलेलं होतं. त्या दिवशी ते डोळ्यांसमोर घडलं.

पुढच्या आठवड्यात मी बाईंना माझ्या वर्गात बोलावलं. त्यांनी वहीच्या पानावर रेघा मारून ठेवल्या होत्या. "सर, सतरा प्रश्न विचारलेत. अकरांची उत्तरं तुम्हीच दिलीत."

ते पान मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. येत्या शनिवारी भागाकाराचा तास आहे, बाई पुन्हा येणार आहेत. मागच्या ओळीत, मुलांमधे जागा राखून ठेवली आहे.