बाहेर गार, आत गरम

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्याकडे हीट पंप बसलाय, म्हणजे उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारं एकच यंत्र, आणि भिंतीवर त्याचं तापमान ठरवणारा नवा थर्मोस्टॅट लागलाय. बटण दाबूनही काहीच झालं नाही, तर ५ मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर जपण्यासाठी तेवढा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. पुन्हा सांगतो, ५ मिनिटं थांबा, सारखी बटणं दाबू नका.

आता परभणीची गोष्ट ऐका. माझी थोरली बहीण तिथं राहते. एप्रिलचं ४२ अंशांचं ऊन, थर्मोस्टॅट लावून दोनच दिवस झालेले, अन् अक्काचा फोन आला, "बाळू, २४ वर लावलंय रे, पण घरात भट्टी पेटल्यासारखं व्हायलंय." मेकॅनिक येऊन गेला होता. गॅस कमी आहे, उद्या भरू, म्हणाला होता.

दुपारच्या एसटीनं मी पोचलो. फाटकातून आत शिरतो तर काय, अंगणात बाहेरच्या युनिटसमोर शेजाऱ्यांची शेळी दोन करडं घेऊन निवांत रवंथ करत बसलेली! एप्रिलमध्ये त्या जाळीतून अंग भाजणारा वारा यायला पाहिजे. मी हात धरला, तर गार झुळूक. आत येऊन हात धरला, तर गरम वाफ. दाजींना म्हटलं, "गॅस भरू नका. गॅस नसता तर बाहेर एवढं गार झालंच नसतं. यंत्र ठणठणीत आहे, नुसतं उलटं चाललंय."

हीट पंपात गॅसची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह असतो. काही यंत्रांत त्याला वीज मिळाली की घर गार होतं, ती 'ओ' सेटिंग. काहींत वीज मिळाली की गरम होतं, ती 'बी'. अक्काच्या यंत्राला 'ओ' हवं होतं, लावलं होतं 'बी'. थर्मोस्टॅटच्या मेन्यूत जाऊन बदललं आणि ५ मिनिटं थांबलो. दाजी घड्याळ धरून उभे. आत गार वारा सुटला, अक्का आतल्या जाळीखालून हलेना, आणि बाहेर शेळी उठून लिंबाखाली गेली.

अक्काचं जुनं घर माळवदाचं होतं. हातभर जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. त्या घरात वैशाखातही दुपारची झोप लागायची. स्लॅबचं घर बांधणाऱ्यांनी पश्चिमेला आधी लिंब लावावा, यंत्र मागून आणावं, असं माझं ठाम मत आहे.

तर, उलटं वाटलं की आधी बाहेरच्या युनिटसमोर हात धरा. गारव्यासाठी लावलेलं असताना बाहेर गार, आत गरम, तर ओ-बी तपासा. वायरींना हात लावायचा झाला, तर मेन स्विच बंद करूनच. थर्मोस्टॅट उन्हाच्या भिंतीवर किंवा फ्रिजजवळ नको, तो खोटं तापमान दाखवतो.

डिसेंबरात अक्काचा पुन्हा फोन आला, "बाळू, बाहेरच्या डब्यातून धूर निघायलाय!" म्हटलं, "अक्का, तो धूर नाही, वाफ आहे. थंडीनं जाळीवर बर्फ धरलंय, ते यंत्र स्वतःच वितळवतंय. थोड्या वेळात थांबेल."