पूल बांधला ठीक आहे, पण कर्ज कुठल्या पैशात फेडणार?

नमस्कार मंडळी! विकसनशील देशात सरकारने कर्ज काढून किंवा स्वतःची हमी देऊन पूल, बंदरं, रेल्वे बांधावी का, यावर दोन गट कायम भांडत असतात. एक म्हणतो रस्ता आला की विकास येतोच, दुसरा म्हणतो हा सगळा कर्जाचा सापळा आहे. मला दोघांचंही पटत नाही, का ते तीन देश घेऊन सांगतो.

आधी बांगलादेश. पद्मा नदीपलीकडच्या २१ जिल्ह्यांना ढाक्याला यायचं म्हणजे फेरीबोट, आणि त्या बोटीला ट्रकच्या लांबच लांब रांगा, धुकं पडलं की तीही बंद. इथे पूल हवाय हे सांगायला कुठला तज्ज्ञ लागत नव्हता. वर्ल्ड बँक १२० कोटी डॉलर देणार होती, पण २०१२ मध्ये भ्रष्टाचाराचं कारण देऊन तिने कर्ज रद्द केलं (पुढे २०१७ मध्ये कॅनडाच्या कोर्टात त्या प्रकरणातले आरोपी सुटले). मग सरकार म्हणालं, आमच्या पैशाने बांधतो, आणि बांधला, ६.१५ किलोमीटर, वर रस्ता, खाली रेल्वे, जून २०२२ मध्ये सुरू झाला. आता खर्च बघा. २००७ चा अंदाज साधारण १० हजार कोटी टका, शेवटी गेले ३० हजार कोटींच्या वर. म्हणजे जवळजवळ तिप्पट! पुलाच्या बाजूने बोलणारे हा आकडा सांगत नाहीत, सांगायला पाहिजे. पण सरकारने हे पैसे पूल प्राधिकरणाला शेकडा १ व्याजाने, ३५ वर्षांत फेडायच्या बोलीवर दिले. कर्ज देशाच्याच चलनात, टोलही त्याच चलनात. हे डोक्यात ठेवा.

आता श्रीलंका, हंबनटोटा बंदर. जवळून जगातला फार मोठा जहाजमार्ग जातो, म्हणून वाटलं जहाजं थांबतील. पण जहाज नुसतं जवळून जातं म्हणून थांबत नाही ना, त्याला तिथे काहीतरी उतरवायचं किंवा चढवायचं असावं लागतं, आणि ते काम कोलंबोत आधीपासून जोरात चालू होतं. पहिल्या टप्प्याला चीनच्या सरकारी एक्झिम बँकेकडून ३० कोटी ७० लाख डॉलर घेतले, ६.३ टक्के व्याजाने. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या करारावर एका चिनी कंपनीकडे गेलं, ११२ कोटी डॉलरला.

इथे बहुतेक जण सांगतात की कर्ज फेडता आलं नाही म्हणून चीनने बंदर काढून घेतलं. तसं नाही झालं. त्या ११२ कोटींनी बंदराचं कर्ज फिटलंच नाही, ते सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं, आणि आलेले डॉलर देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले कारण बाकीची देणी अंगावर आली होती, त्यात आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेले बाँड (म्हणजे सरकारचे कर्जरोखे) मोठे होते. म्हणजे खरी टंचाई डॉलरची होती.

मग कोणी म्हणेल, हे धंदे सरकारने करूच नयेत, खासगी कंपन्या बघून घेतील. पण पुलाचा फायदा टोलनाक्यावर पूर्ण जमा होत नाही हो. शेतकऱ्याचा माल वेळेत पोचला, बाळंतीण वेळेवर हॉस्पिटलला गेली, पलीकडे कारखाना आला, यातला एक पैसाही पूल बांधणाऱ्या कंपनीला मिळत नाही, म्हणून ती असा पूल सरकारी हमीशिवाय बांधत नाही. सरकारला मात्र त्यातलं काही कररूपाने परत येतं. म्हणून मी सरकारी गुंतवणुकीच्या बाजूनेच आहे, अगदी ठामपणे. फक्त तो करही देशाच्याच चलनात येतो, डॉलरमध्ये नाही, आणि बंदर किंवा रेल्वे डॉलरच्या कर्जावर बांधली तर हप्ता भरायला ते डॉलर निर्यातीतून कुठून येणार हे सही करायच्या आधी विचारायला नको का?

केनियात हेच झालं. मोंबासा-नैरोबी नवी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली, बहुतेक पैसा चिनी कर्जाचा. माल पुरेसा मिळेना, तर २०१९ मध्ये सरकारने आयातीचे कंटेनर रेल्वेनेच न्यायचा हुकूम काढला, मोंबासातले ट्रकवाले रस्त्यावर उतरले, आणि २०२२ मध्ये नवीन राष्ट्राध्यक्षांनी तो हुकूम मागे घेतला. गाडी मालासाठी धावायला हवी होती, इथे माल गाडीसाठी ओढून आणला. युगांडाच्या सीमेपर्यंत जायची लाईन २०१९ मध्ये नैरोबीच्या थोडं पुढे नैवाशापाशी येऊन थांबली. मधल्या काळात शिलिंग, म्हणजे केनियाचं चलन, घसरला आणि डॉलरचा हप्ता आपोआप महाग झाला. शेवटी २०२५ मध्ये केनियाने हे रेल्वेचं कर्ज डॉलरमधून युआनमध्ये, म्हणजे चीनच्या चलनात, फिरवून घेतलं, व्याज कमी झालं, दरवर्षीचा भार हलका झाला, चांगलंच आहे. पण युआन तरी केनिया कुठून कमावणार, चीनला त्यांची निर्यात अगदी थोडी, आणि त्या गाडीचं तिकीट आजही शिलिंगमध्येच विकलं जातं.