बियाणंवाल्याच्या काचा

(पडद्यावर काचेची निगेटिव्ह. कॅमेरा मधल्या माणसांवरून सावकाश कडेकडे सरकतो.)

मधली माणसं बघून झाली असतील, तर आता जरा कडेला बघा. मागे टांगलेलं कापड इथे संपतं आणि दगडी भिंत सुरू होते.

स्वित्झर्लंडचा दक्षिणेकडचा, इटालियन बोलणारा तिचिनो प्रांत. त्यातलं ब्लेनिओचं खोरं. रोबेर्तो दोनेत्ता इथे गावोगाव पायी फिरून भाजीपाल्याचं बियाणं विकायचा. जन्म 1865चा. फोटोची कला त्याला कोर्त्सोनेसो गावातल्या एका शिल्पकाराने शिकवली. मग बियाण्याच्या पिशवीबरोबर कॅमेरा आला, आणि निगेटिव्हच्या काचाही. काचांचं वजन काय असतं, ते घाट चढणाऱ्यालाच ठाऊक.

स्टुडिओ कुठला परवडायला! चादर, गालिचा, घरात असेल ते माणसांच्या मागे टांगायचं, की अंगणाचा झाला स्टुडिओ. छापताना कडा कापून टाकायच्या. गिऱ्हाइकाच्या हातात पडायचा तो नेटका, शहरी थाटाचा फोटो. काचेवर मात्र कापलेलं सगळं तसंच आहे.

(एकामागून एक छायाचित्रं. थोडा वेळ निवेदन नाही.)

लग्नं. मिरवणुका. शाळेतली पोरं. चॉकलेटच्या कारखान्यातले कामगार. अंथरुणावर शेवटचं निजवलेलं माणूस. अनेक घरांत कुणाचा पहिला फोटो निघायचा तो मेल्यावरच, म्हणून अशा वेळीही दोनेत्ताला बोलावणं यायचं. 1911 साली खोऱ्यात विजेवर चालणारी छोटी रेल्वे आली. बाहेरचं जग जवळ आलं, पण दोनेत्ताची पायपीट चालूच राहिली.

पैसा कधी पुरला नाही. बायको-मुलं सोडून गेली, धाकटा तेवढा बापाजवळ राहिला. खरं सांगायचं तर, संसारी माणूस म्हणून त्याचं कौतुक करणं अवघड आहे. मुलांना मात्र त्याने फार प्रेमाने टिपलं. त्याच्या फोटोतली मुलं शहाण्यासारखी बसत नाहीत, काहीतरी सोंग करत असतात. त्यात त्याचीही फूस असणार.

1932 साली तो गेला. देणी फेडायला गावाने त्याचं सामान लिलावात काढलं, कॅमेराही. काचा गावातच पडून राहिल्या. पन्नासेक वर्षांनी, 1980च्या दशकात त्या पुन्हा सापडल्या. मोजल्या, तर जवळपास 5000.

(कोर्त्सोनेसो. एक गोल घर, दार उघडं.)

कासा रोतोंदा, म्हणजे गोल घर. दोनेत्ता इथेच राहायचा. आता इथे त्याच्या फोटोंचं संग्रहालय आहे.