एलायझाचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

‘माय फेअर लेडी’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नाही, त्यांनाही गोष्ट ठाऊक आहे. बर्नार्ड शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावरून हा संगीतपट आला, त्याच नाटकावरून पुलंनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ रचली. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये फुलं विकणारी एलायझा आपल्याकडे मंजुळा झाली.

चित्रपट १९६४चा. परवा तो पुन्हा लावला आणि गाणी मुद्दाम डोळे मिटून ऐकली.

एलायझाला शुद्ध बोलायला शिकवणारे प्रोफेसर हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसनना गाणं आधी मुद्रित करून नंतर नुसते ओठ हलवणं मान्य नव्हतं. दर वेळी ते गाणं वेगळंच म्हणत. म्हणून त्यांच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवला आणि गाणी चित्रीकरणातच मुद्रित झाली. त्यांच्या अर्धवट बोलण्यातला, अर्धवट गाण्यातला जिवंतपणा तिथून आलाय.

एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नच्या वाट्याला मात्र हे भाग्य आलं नाही. तिनं तयारी केली, गाणी मुद्रितही केली. पण पडद्यावर जवळजवळ सगळीकडे गाते ती मार्नी निक्सन. ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करसाठी आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुडसाठीही हिनंच गायलं होतं. ‘माय फेअर लेडी’च्या श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. याचं मला फार वाईट वाटतं. उसना आवाज आपल्याकडेही एकेकाळी लपलेलाच असे. ‘महल’ या हिंदी चित्रपटाच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं, तेव्हा श्रोत्यांनी पत्रं पाठवून रेडिओला विचारलं, गातंय कोण? आणि लता मंगेशकर हे नाव रेडिओवरूनच घरोघरी पोचलं. मार्नीसाठी अशी पत्रं कुणी लिहायला हवी होती!

आता ऐकू या ‘जस्ट यू वेट’. हिगिन्सवर चिडलेली एलायझा एकटीच दात-ओठ खातेय. तो खरखरीत, रागानं फुटणारा आवाज ऑड्रीचा स्वतःचा आहे. मध्येच ती स्वप्न बघते, आपण मोठ्या झालोय, राजा आपल्याला मान देतोय. तिथं चाल एकदम गोड होते, आवाज अलगद वर चढतो. ती मार्नी.

ऐका.