दप्तर खुंटीला

संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. शाळेतून आलेला सात वर्षांचा मुलगा दप्तर सोफ्यावर भिरकावून, एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत गॅलरीकडे पळाला आहे. स्वयंपाकघरातून आई ओरडते, "अरे, आवर ते सगळं!" तो थांबतो, एक मोजा काढतो, आणि तेवढ्यात खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवते. तीच सूचना आणखी पाच वेळा, दर वेळी थोड्या चढ्या आवाजात येईल आणि शेवटी आईच सगळे उचलून ठेवील.

या मुलाला अतिचंचलतेचा, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि सततच्या चुळबुळीचा, ज्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात, त्रास आहे. केवळ दंगेखोर आहे म्हणून कोणी हे निदान करीत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली सुधारलेल्या निकषांनुसार लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसणारी असावी लागतात. 'शाळेत अगदी शांत असतो, घरीच डोक्यावर बसतो' असे असेल, तर आधी घरातले कारण शोधले जाते.

यावरचा एक उपचार म्हणजे वर्तनोपचार, म्हणजे औषधाशिवाय वागण्याच्या सवयी बदलणे. वर्तनोपचार म्हटल्यावर अनेक पालकांची कल्पना अशी असते की, मुलाला तासभर समुपदेशकाच्या खोलीत सोडायचे, आपण बाहेर बाकावर बसायचे आणि सुधारलेले मूल घेऊन घरी यायचे. प्रत्यक्षात लहान मुलांच्या बाबतीत त्या खोलीत शिकायला बसतात ते आईवडीलच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी औषधाच्या आधी पालकांचे असे प्रशिक्षण सुचवले आहे. हे ऐकून काही आया दुखावतात. आपलेच चुकले, असा त्यांचा समज होतो. परंतु अतिचंचलता आईच्या वळण लावण्यातून येत नाही. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मात्र परीक्षेनंतर मिळणाऱ्या सायकलीचे आमिष या मुलाला आज संध्याकाळी काही उपयोगाचे नसते, कारण कृती आणि तिचे फळ यांत जितके अंतर पडते तितका त्याचा धागा सुटत जातो. ते अंतर कमी करणे आसपासच्या मोठ्यांच्याच हाती असते.

प्रशिक्षणाची सुरुवात शब्दांपासून होते. 'आवर' हा मराठी घरांतला लाडका शब्द, पण त्यात किती कामे दडली आहेत हे मुलाला उमगत नाही. त्याऐवजी आईने जवळ जायचे, तो आपल्याकडे पाहील इतके थांबायचे आणि एकच काम सांगायचे: "दप्तर खुंटीला लाव." 'लावशील का?' असे विचारायचे नाही, कारण त्या प्रश्नाला 'नाही' हेही उत्तर आहेच. त्याने दप्तर लावल्याबरोबर "शहाणा गं माझा बाळ" म्हणण्यापेक्षा "सांगितल्याबरोबर दप्तर लावलंस" असे म्हणायचे, म्हणजे नेमके काय आवडले ते त्याला कळते. भिंतीवरच्या तक्त्यावर लगेच एक चांदणी चिकटते आणि पाच चांदण्या झाल्या की त्याच रात्री बाबांबरोबर कॅरमचा एक डाव.

अवघड भाग याच्या पुढे आहे. ओरेगन राज्यातील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांची त्यांच्या घरी जाऊन निरीक्षणे केली आणि एक चक्र दाखवून दिले: मूल आकांडतांडव करते, मोठी माणसे कंटाळून माघार घेतात, मूल शांत होते. आकांडतांडव उपयोगी पडते हे मूल शिकते आणि माघार घेतली की सुटका होते हे आई शिकते. हे चक्र तोडायचे ठरवले की पहिले काही दिवस आरडाओरड कमी होण्याऐवजी वाढते. तिसऱ्या दिवशी आजी हळूच चॉकलेट पुढे करते आणि सगळे मुसळ केरात जाते. म्हणूनच एकत्र कुटुंबात आजीआजोबांनाही आधी विश्वासात घ्यावे लागते.

शाळेसाठी रोजचे कार्ड असते. त्यावर 'हात वर करून बोलला', 'गणिते पूर्ण केली' अशी तीन-चार मोजता येण्याजोगी वाक्ये. बाई खुणा करतात आणि बक्षीस घरी, त्याच दिवशी मिळते. सुरुवातीचे लक्ष्य मुलाला सहज जमेल इतके सोपे ठेवतात. मोठ्या वर्गात बाईंना एवढेही जड जाते, ही तक्रार खरी आहे.

औषधाविषयीही स्पष्ट बोलायला हवे. उत्तर अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चौदा महिन्यांनंतर सततची चुळबुळ आणि लक्ष न टिकणे या मूळ लक्षणांवर काटेकोर औषधयोजना एकट्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरली. मात्र दोन्ही उपचार एकत्र घेणाऱ्या मुलांना औषधाची मात्रा कमी पुरली.

चौथा आठवडा. सहा वाजून दहा मिनिटे. दप्तर खुंटीला आहे. बूट अजून दारात आडवेतिडवे पडले आहेत, आणि आई त्यांच्यावरून पाय उचलून आत जाते, कारण तक्त्यावर बुटांचा रकाना पुढच्या महिन्यात आखायचा आहे.