काय पाहायचे, काय सोडायचे

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशातल्या उन्हाळी सुट्टीचा बेत ठरला, की सर्वांत आधी तयार होते ती स्थळांची यादी. ती वाढवणे सोपे असते, कारण ओळखीचा प्रत्येक जण काही ना काही सुचवतो आणि प्रत्येक सूचना पटण्यासारखी असते. अवघड असते ते यादीतली नावे खोडणे, आणि आज मी मुख्यतः त्याविषयीच बोलणार आहे. मुक्कामाचे दिवस मोजकेच असतात. आपण घरी बसून नावे खोडली नाहीत, तर तिथे पोहोचल्यावर थकवा, बंद दरवाजे आणि चुकलेल्या गाड्या ती खोडतात, आणि तेव्हा आपली आवडनिवड कोणी विचारत नाही.

एका दिवसाची सहल ठरवताना आपण नकाशावरचे अंतर पाहतो. हिशेब मात्र तासांचा करायला हवा. रोममध्ये मुक्काम असताना पाँपेईला जायचे आहे, असे धरू. रोम ते नेपल्स हा प्रवास वेगवान रेल्वेने साधारण सव्वा तासाचा आहे, एवढे वाचून बेत पक्का केला जातो. परंतु निवासापासून स्थानकापर्यंतचा वेळ, गाडीसाठी राखलेली वीस मिनिटे, नेपल्सला उतरून लहान लोकल गाडी गाठणे, तिचा पाऊणएक तासाचा प्रवास आणि शेवटी प्रवेशद्वारावरची रांग हे सगळे मिळवले, तर एका बाजूला अडीच-तीन तास सहज जातात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या नगराचा विस्तार साठ हेक्टरांहून अधिक आहे आणि त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग उत्खननाने मोकळा झाला आहे. रस्त्यांवरच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि घरांच्या भिंतींवरची चित्रे निवांतपणे पाहायची, तर चार तास तरी हवेतच. दिवस तिथेच संपला. तरीही पाँपेई आणि अमाल्फीचा किनारा एकाच दिवसात दाखवणाऱ्या सहलींना गिऱ्हाईक मिळते, आणि त्या सहलीत समुद्र बसच्या खिडकीतून व पाँपेई वाटाड्याच्या झेंड्यामागे धावत पाहावे लागते.

मी स्वतः एक साधा निकष लावतो. प्रत्यक्ष स्थळावर मिळणारे तास जाण्यायेण्याच्या तासांपेक्षा कमी असतील, तर ती सहल एका दिवसाची नव्हे. तिथे एक रात्र राहावे, नाहीतर नाव खोडावे. पॅरिसहून मों सँ मिशेल या बेटावरच्या मठाला जायला एका बाजूने चार तासांच्या आसपास लागतात. तिथे मुक्काम केला, तर संध्याकाळी बसगाड्या परतल्यावर ओस पडलेल्या गल्ल्या आणि भरतीचे पाणी चढताना पाहता येते. एका दिवसात जाऊन आले, तर हाती लागते ती दुपारची गर्दी. लंडनहून निघणारी विंडसर, बाथ आणि प्राचीन शिळावर्तुळ असलेले स्टोनहेंज ही तिहेरी सहलही मला याच कारणाने खटकते. त्याऐवजी रेल्वेने दीड तासात सॉल्झबरी गाठावे, तिथून बसने स्टोनहेंज पाहून यावे आणि उरलेली दुपार सॉल्झबरीच्या कॅथीड्रलला द्यावी. त्याचा १२३ मीटर उंचीचा मनोरा ब्रिटनमधल्या चर्चमनोऱ्यांत सर्वांत उंच आहे आणि राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक तिथे जपलेली आहे.

यानंतर पाहायचा तो आठवड्याचा वार. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी, फ्लॉरेन्सचे उफ्फिझीही सोमवारीच. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, आणि त्या दिवशी प्रवेश मोफत असल्याने रांग भिंतीला वळसा घालून जाते. या बंद दिवसांचा परिणाम दुसऱ्याच ठिकाणी जाणवतो, हे मला फार उशिरा कळले. जुलैमधल्या एका मंगळवारी मी व्हर्सायच्या फाटकापुढच्या दगडी फरशीवर भर उन्हात दोन तास उभा होतो. आरसेमहालात पोहोचलो, तेव्हा तिथल्या ३५७ आरशांपेक्षा डोक्यावर धरलेले मोबाइलच अधिक दिसले. कारण अगदी सरळ होते. लूव्र बंद म्हणून पॅरिसमधले पर्यटक त्या दिवशी व्हर्सायकडे वळतात. वेळापत्रक माझ्या खिशात होते, पण मी त्यात फक्त व्हर्साय उघडे आहे की नाही एवढेच पाहिले होते.

आगाऊ नोंदणीची गरज सगळीकडे सारखी नसते आणि उगाच सगळेच बांधून घेऊ नये, परंतु काही ठिकाणी तिच्याशिवाय गत्यंतर नाही. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँक यांच्या घराची तिकिटे केवळ ऑनलाइन मिळतात आणि ती दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात. मिलानमधले लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ हे भित्तिचित्र पाहायला ठरलेल्या वेळी थोड्याच लोकांना आत सोडतात आणि पंधरा मिनिटांनी बाहेर काढतात. स्पेनमधल्या ग्रानादाच्या आलहांब्रा या किल्ला-राजवाड्यांच्या संकुलात नासरिद सुलतानांच्या राजवाड्यांच्या प्रवेशाची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली, तर बागा आणि किल्ला पाहून परतावे लागते. अशी दोन-तीन तिकिटे आधी मिळवावीत आणि बाकीचे दिवस त्यांच्याभोवती बसवावेत. उलट क्रमाने गेले, म्हणजे विमान, निवास आणि गाड्या सगळे ठरवून झाल्यावर तिकिटाकडे वळले, तर ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हुकण्याची शक्यता असते.

ऋतूविषयीचे गैरसमजही यादीत बरीच जागा अडवतात. हॉलंडमधली कॉयकनहोफची ट्यूलिपची बाग मेच्या मध्यापर्यंत बंद होते, त्यामुळे जूनच्या यादीत तिला स्थान नाही. प्रोव्हान्समधली लॅव्हेंडरची शेते मात्र जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत ऐन बहरात असतात. उत्तर नॉर्वे किंवा आइसलँडमध्ये जूनमध्ये ध्रुवीय प्रकाश पाहण्याची आशा धरू नये, कारण त्या दिवसांत तिथे आकाश पुरेसे काळे होतच नाही. दक्षिण युरोपातला उन्हाळा कडक असतो. अलीकडच्या उष्णतेच्या लाटांत अथेन्सचे ॲक्रोपोलिस हे टेकडीवरचे प्राचीन देवस्थान दुपारी काही तास बंद ठेवावे लागले आहे. तिथे तिकिटावर वेळ निवडावी लागते, तेव्हा सकाळी आठची निवडावी आणि दुपार संग्रहालयाच्या थंड दालनात घालवावी. पॅरिसमध्ये जूनअखेरीस सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. हा लांब संधिप्रकाश बहुतेक प्रवासी निवासावर पाय चोळत घालवतात, याचे मला वाईट वाटते. दुपारी दोन तास विश्रांती घेतली, तर लूव्र शुक्रवारी आणि ओर्से गुरुवारी रात्री उशिरापर्यंत उघडे असते आणि तोवर दिवसभराची गर्दी ओसरलेली असते.

बरोबर कोण आहे, यावरही निवड अवलंबून असते. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालील मुलांना चढू देत नाहीत, आणि हे तिकीटखिडकीपाशी कळले तर आईवडिलांपैकी एकाने खालीच थांबायचे असते. रोममधल्या सेंट पीटर्सच्या घुमटाला ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच, आणि शेवटच्या टप्प्यात भिंती घुमटाबरोबर आत कलू लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ‘लिफ्ट आहे’ एवढेच सांगणे म्हणजे अर्धे सांगणे होय.

आता डोंगरांविषयी. स्वित्झर्लंडमधले युंगफ्राउयोख हे ३,४५४ मीटर उंचीवरचे स्थानक सोळा वर्षे डोंगर पोखरून १९१२ साली खुले झाले आणि युरोपातले ते सर्वांत उंच रेल्वेस्थानक आहे. इंटरलाकेनहून तिथे जायला दीड ते दोन तास लागतात, हवा विरळ असल्याने जिना चढतानाही धाप लागते आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारणे योग्य ठरते. हे सगळे जमले, तरी ढगांपुढे इलाज नसतो. पहिल्या खेपेला मी दोन महिने आधी दिवस ठरवून तिकीट काढले होते, आणि वरच्या काचेपलीकडे मला पांढऱ्या रंगाखेरीज काहीही दिसले नाही.

दुसऱ्या खेपेला मी तीन दिवस तिथे राहिलो आणि त्यांतला एकही दिवस कशाला बांधला नाही. त्या भागातल्या अनेक निवासांत दूरचित्रवाणीच्या एका वाहिनीवर शिखरांवरच्या कॅमेऱ्यांची दृश्ये पहाटेपासून दाखवतात. पहिल्या सकाळी पडदा करडा होता, म्हणून आम्ही लाउटरब्रुनेनच्या दरीतल्या ट्र्युमेलबाखला गेलो. तिथे हिमनद्यांचे पाणी डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी कोसळते, आवाजाने कठडा हाताखाली थरथरतो आणि बाहेर पाऊस असला काय नि नसला काय, काही फरक पडत नाही. दुसऱ्या सकाळीही पडदा करडाच होता; आम्ही तलावावर बोटीने फिरलो. तिसऱ्या दिवशी सहा वाजता वाहिनी लावली, तेव्हा बर्फाच्या कडेवर निळी रेघ दिसत होती. आम्ही बूट चढवले आणि पहिली गाडी पकडली.

नमस्कार.